अंतरपाटावरचा गुलाबी

“हा गुलाबी आहे?” हेमानं विचारलं.

“मग काय निळा आहे?”

तिनं वाटीत बोट बुडवलं, मनगटावर घासलं आणि दारातल्या उन्हात जाऊन पाहिलं. “आई, घामोळ्यांना लावायचं औषध असतं ना, तसला झालाय हा.”

बुधवार होता. रविवारी हिचं लग्न. मे महिना, फलटणचं ऊन, दुपारचं लोडशेडिंग, पंखा बंद, आणि मी सकाळपासून लाल आणि पांढरा कालवत बसलेली. ती चौथी वाटी होती. लाल वाढवला की विटेचा रंग यायचा, पांढरा वाढवला की हे औषध. हेमाला हवा होता राणी रंग. अक्षतांना नेसायच्या शालूचा पदर तिनं माझ्यासमोर पसरून ठेवला होता, तो असा चटक गुलाबी की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. तिच्या कुठल्या मैत्रिणीच्या लग्नात अंतरपाटावर कमळं रंगवली होती म्हणे, आणि ती बरोब्बर नवरीच्या साडीच्या रंगाची होती. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. आपलाही अंतरपाट तसाच पाहिजे. कापड आमच्या दुकानातलं, पांढरं रेशमी, कडा मी स्वतः दुमडून शिवलेल्या.

आता मला रंगातलं कळत नाही असं कुणी म्हणू नये. वीस वर्षांत आमच्या गल्लीत जेवढी रुखवतं लागली, त्यातली निम्मी माझ्या हातची होती. सुपं रंगवली, मडक्यांवर ‘शुभविवाह’ लिहिलं, साखरेच्या तुळशी केल्या. लोक मांडवात आधी रुखवत बघायचे आणि विचारायचे, “मंदावहिनींनी केलंय ना?” पोस्टर कलरच्या सहा बाटल्यांवर मी सगळं निभावलं होतं. आणि माझ्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात मला एक गुलाबी जमू नये?

“अक्का, मी बघू का जरा?”

जिन्याच्या तोंडाशी रोहिणी उभी होती. माझी धाकटी जाऊ. तिची ती सवयच. काही काढून घ्यायचं असलं की आधी विचारायची.

“बघ ना,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिनं वाटी तिरकी केली, थोडा रंग चिंधीवर लावला. “लाल नाही चालायचा, अक्का. लालात पिवळा असतो मिसळलेला, तो गुलाबीला मारतो. याला मजेंटा लागतो. शिवाय हे पोस्टर कलर आहेत. कापडावर ओली अक्षता पडली की ओघळ येईल. माझ्याकडे ॲक्रिलिक आहेत, पुण्याहून आणलेले.”

“काकू! मग आधी नाही का सांगायचं!” हेमा उडीच मारून उठली. शालू उचलला, अंतरपाट उचलला, काकूच्या मागे जिना चढली. माझ्या चार वाट्या तशाच राहिल्या फरशीवर. त्या मी उचलल्या, मोरीत ओतल्या, घासल्या. वरून दोघींचं हसणं येत होतं. मी वाट्या पुन्हा घासल्या.

माझ्या पोटात काय होत होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रोहिणी घरात आली तेव्हा हेमा दहा वर्षांची होती. लग्नाआधी ती पुण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. बोलणं गोड, हात मऊ, अंगाला कसला तरी चांगला वास. मी पहाटे पाचला उठून चूल-पाणी करून मशीनवर बसायची ती दिवेलागणीपर्यंत, कारण दुकानात शिवणकामाला दुसरं माणूस नव्हतं. माझ्या पदराला तेल आणि दोऱ्यांची कात्रणं. पोर काकूकडे ओढली जाणार नाही तर काय? रोहिणीला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, मग तिनं तो विषयच सोडला. माझी हेमा मात्र तिनं धरून ठेवली. हेमाचा अभ्यास काकूच्या खोलीत, वेणी काकूच्या हातची, ताप आला तरी “काकूला बोलव.” हेमा मोठी झाली ते काकूला सकाळी कळलं आणि मला संध्याकाळी. तेही काकूनंच सांगितलं, हळू आवाजात, जणू मी शेजारीण होते. नाशिकचं स्थळ पसंत आहे, हेसुद्धा आधी काकूला. आणि लोकांची तोंडं काय धरता येतात? शेजारची शोभा एकदा हसत हसत म्हणाली होती, “मंदावहिनी, तुम्ही नुसतं जन्माला घातलंत हो, पोरगी खरी रोहिणीचीच!”

शोभा विसरली असेल. मी नाही विसरले. रविवारी पोरगी जाणार होती. उरले चार दिवस. ते तरी माझे असावेत एवढंच मला हवं होतं, आणि तेही जिना चढून वर गेले होते.

संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले. खरं तर बघायला गेले. रोहिणीनं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रंग कालवायला घेतला होता. आधी मजेंटाची अख्खी ट्यूब पिळली, मग पांढरा, चमच्याच्या टोकावर येईल एवढाच. कालवायचं, चिंधीवर एक ठिपका द्यायचा, थांबायचं, वाळू द्यायचं, शालूशेजारी धरून खिडकीत बघायचं. मग पुन्हा वाटाण्याएवढा पांढरा.

“आत्ता तर जुळला होता की,” मी म्हटलं.

“ओला जुळला होता, अक्का. वाळला की हा एक घर गडद होतो. म्हणून ओला असताना जरा फिकाच ठेवायचा.”

“आईचे रंग ओले काय, वाळले काय, सारखेच दिसतात,” हेमा म्हणाली आणि दोघी हसल्या. रोहिणी लगेच गप्प झाली, पण हसली होती आधी.

“सगळा एकदाच कालवतेय मी,” रोहिणी म्हणाली. “पाकळ्यांना कमी पडला तर दुसऱ्या खेपेला अगदी तोच रंग येत नाही. मग अर्धी कमळं एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या. उद्या चुडा भरून झाला की रंगवायला बसू. हेमू, झाकण घट्ट लाव आणि वर ओलं फडकं टाक, या उन्हात ताबडतोब वाळून घट्ट होतो.”

हेमानं झाकण लावलं. लहानपणी माझ्या मशीनच्या सुईला दोरा ओवून द्यायला बोलावलं तर पळून जायची ही.

गुरुवारी दुपारी कासारीण आली. आमच्याकडे लग्नाचा चुडा घरीच भरतात. सतरंजी टाकली, गल्लीतल्या बायका जमल्या, शोभा तर दारातूनच गाणं म्हणत आली. आधी नवरीला भरायच्या, मग नवरीच्या आईला, मग बाकीच्यांना. हेमाचा हात कासारणीच्या हातात आणि दुसरा हात काकूच्या गळ्यात. “दुखतंय काकू, दुखतंय,” असं लाडात येऊन चाललं होतं. मी समोर सूप घेऊन उभी. ओटीचे तांदूळ वर कोठीत आहेत असं काहीतरी पुटपुटले आणि जिना चढले.

तांदूळ खालीच होते. खोटं कशाला बोलू, मी ठरवूनच गेले होते. फक्त काय करायचं ते ठरलं नव्हतं.

वरच्या खोलीत अंतरपाट पलंगावर पसरलेला होता. रोहिणीनं पेन्सिलनं कमळं काढली होती, एकेक पाकळी अशी की हात लावू नये. मला तसं नसतं काढता आलं, हे बघितल्याबरोबर कळलं आणि आणखी आग झाली. शेजारी ती ठिपक्यांची चिंधी पडली होती. सात ठिपके. सातव्यापुढे बाण काढून हेमानं पेननं लिहिलं होतं, ‘हाच! माझी काकू एक नंबर!’

मी फडकं बाजूला केलं. झाकण उघडलं. काय सांगू, रंग होता खरा. शालूच वितळवून डब्यात ओतल्यासारखा.

पानांसाठी काढून ठेवलेली हिरव्याची ट्यूब तिथंच होती. मी तिचं टोपण काढलं आणि डब्यात पिळली. थोडी नाही, बरीच. ब्रशच्या मागच्या टोकानं ढवळली. आधी हिरव्या रेघा फिरल्या, मग बघता बघता सगळं मेलं. ना गुलाबी, ना हिरवं. पावसाळ्यात भिंतीला येते तसल्या बुरशीचा रंग. सुधारायला म्हणून टेबलावरचा लाल थोडा घातला, त्यानं आणखी घाण झालं. खालून हाक आली, “मंदावहिनी, चला, नवरीच्या आईचा नंबर!” मी झाकण लावलं, फडकं टाकलं, मोरीत हात धुतले आणि खाली आले. पोस्टर कलरला एवढं धुणं पुरायचं. वीस वर्षांत माझ्या हातावर कधी रंग राहिला नव्हता.

कासारीण माझा पंजा दाबत होती, बांगडी चढवत होती. मध्येच थांबली. “आगं बया, वहिनी, नखांत काय भरलंय हे? हिरवंगार?”

“मेथी निवडत होते सकाळी.”

“मेथीचा डाग असला नसतो,” ती म्हणाली आणि अंगठ्यानं घासायला लागली. जाईना. मी हात ओढून घेतला, तशी एक बांगडी तडकली. बायका म्हणाल्या, “असू दे, असू दे, वाढली.” रोहिणी शेजारीच बसली होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि फुटलेली काच पदरात वेचून घेतली.

चुडा भरून झाला तशी हेमा वर पळाली. मी मोजत होते. जिना, दार, पलंग. मग तिची किंकाळी आली.

ती डबा घेऊनच खाली आली. बायका अजून चहा पीत होत्या. “काकू, हे काय झालं? काय केलंस तू हे?”

रोहिणीनं डबा हातात घेतला. आत पाहिलं. काठाला हिरवा राहिला होता, तो तिनं बोटावर घेतला. आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी हात पदराखाली घेतले. मला वाटलं, आता बोलणार ही. सगळ्या गल्लीसमोर बोलणार.

“पानांचा ब्रश बुडवला असेल गं मी,” रोहिणी म्हणाली. “घाईत.”

“घाईत? तूच म्हणालीस ना, एकदाच कालवायचा? दुसऱ्यांदा तो रंग येत नाही म्हणून? तीन दिवसांवर लग्न आहे माझं!”

“चुकलं बाई माझं. बघू, काहीतरी करू.”

“काय करू? आता काय करू? मी तुझ्यावर टाकलं होतं सगळं!” हेमाचा आवाज चढला होता. तीन दिवसांची जागरणं, ऊन, नव्या बांगड्यांनी सुजलेले हात, सगळं त्या आवाजात होतं. आणि मग ती बोलली. “स्वतःची मुलगी असती तर असं केलं असतंस का तू?”

कपबश्यांचा आवाज थांबला. शोभानं तोंडाला पदर लावला. रोहिणीचा चेहरा एकदम म्हातारा दिसला मला. तिच्या हातात अजून तो डबा होता, आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

मी आई. मी तिथंच हेमाच्या थोबाडीत द्यायला हवी होती. निदान “गप्प बैस” म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. चौदा वर्षं घशात अडकलेलं काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. हेमा रडत रडत आली आणि माझ्या खांद्यावर पडली. माझ्या. “आई, तूच कर आता काहीतरी,” म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, नखं आत दुमडून.

पण करणार काय, कपाळ? मला कुठं येत होतं?

सगळ्या बायका गेल्यावर मी वर गेले. रोहिणी पलंगाच्या काठावर बसून ती ठिपक्यांची चिंधी घडी करत होती. मी दारातच उभी राहिले. माफी मागायला गेले होते का? माहीत नाही. तोंडातून भलतंच निघालं.

“सांगणार आहेस का तिला?”

“काय?”

“उगीच काय विचारतेस?”

तिनं चिंधीची आणखी एक घडी घातली. “रविवारी जाणार आहे ती, अक्का. सासरी पहिल्यांदा जाताना आईवर रुसून जाऊ दे का तिला? माझ्यावर रुसली तर काय होतंय? मी काकू आहे.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं. पण ती नुसतं सांगत होती. त्याचाच मला संताप आला. म्हणजे इथंसुद्धा हीच मोठी! केलं मी, झाकलं हिनं, आणि आता जन्मभर मी हिच्या उपकाराखाली. बरं, जगासमोर सांगायचीही सोय नाही. एवढं करूनही मी तिचा हेवा करत होते, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

“मजेंटाची आधीची एक अर्धी ट्यूब आहे अजून,” रोहिणी म्हणाली. “सगळ्या पाकळ्यांना पुरायची नाही. मोठी कमळं दोनच ठेवू, बाकीची खोडून टाकते. तुम्ही कालवा.”

“मी?”

“तिनं तुम्हाला सांगितलंय ना.” मग तिनं ड्रॉवर उघडून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. नेलकटर होतं. “आधी नखं कापा. साबणानं नाही जायचं ते.”

मी खिडकीपाशी उभी राहून नखं कापली. तिनं तोवर दुसरा डबा धुऊन पुसून ठेवला.

मग तिनं मला शिकवलं. स्वतः हात लावला नाही, लांब बसून सांगत राहिली. आधी मजेंटा. पांढरा जरासा. अजून नको. फिरवा, तळापासून फिरवा. आता ठिपका द्या. माझा ठिपका शालूशेजारी धरला तर हुबेहूब. मी म्हटलं, “झालाच की.” ती म्हणाली, “वाळू द्या.” वाळला तर गडद, बिटाच्या रसासारखा. मी पुन्हा पांढरा घातला, तर एकदम दुधाळ. ती उठली नाही, रागावली नाही. “आता मजेंटा, काडीच्या टोकावर येईल एवढाच,” म्हणाली. शाळेत पोरं किती भाग्यवान असतील हिच्या हाताखाली, असं मनात आलं आणि ते मला आवडलं नाही. अकराव्या ठिपक्याला रंग लागला. वाळल्यावर मी तो पदरावर ठेवला तर कापड कुठं संपतं आणि ठिपका कुठं सुरू होतो ते दिसेना.

“आला,” मी म्हटलं.

“आला,” रोहिणी म्हणाली. “पाकळ्या बाहेरून आत भरा.” आणि खाली पोळ्या करायला निघून गेली.

शुक्रवारी सकाळी हेमानं अंतरपाट बघितला. दोनच कमळं, पण काय दिसत होती! तिनं मला मिठीच मारली. “आई! तू केलास हा रंग? खरंच तू?”

रोहिणी चौकटीला टेकून उभी होती, हातात भाजीची परडी.

“मग काय,” मी म्हटलं. “मला येत नाही असं वाटलं होतं का तुला?”

परडी घेऊन रोहिणी आत गेली.

लग्न झोकात झालं. मंगलाष्टकांच्या वेळी दोन भटजींनी अंतरपाट धरला, फोटोवाल्यानं दहा फोटो त्याचेच काढले. नाशिकच्या विहीणबाई मुद्दाम माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “रंग कुठून आणलात हो?” मी म्हटलं, “घरीच कालवला.” पाठवणीच्या वेळी हेमा माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की ब्लाउज भिजला. मग वडिलांच्या गळ्यात, मग चुलत्यांच्या. रोहिणीसमोर आली तेव्हा रोहिणीनं दोन्ही हात पुढे केले होते. हेमा खाली वाकली, पायांना हात लावला आणि पुढे गेली. परक्या बाईला करतात तसा नमस्कार. रोहिणीचे हात तसेच राहिले क्षणभर. मग तिनं ते पदराला पुसले.

जिंकले मी. दुसरं काय म्हणू?

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. हेमाचा मला रोज फोन येतो. काय केलंस, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. काकूला दिवाळी आणि संक्रांतीला. “काकू, बरी आहेस ना?” “बरी आहे.” संपलं. माहेरपणाला आली की माझ्या खोलीत झोपते. वरच्या खोलीत तिची वह्यापुस्तकं होती, ती रोहिणीनं कधीच खोक्यात भरून खाली आणून दिली. रोहिणीनं कधी, एका शब्दानं, मला बोलून दाखवलं नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि जावाजावांत भांडणं काय थोडी होतात? मी कितीदा वाट पाहिली, आता म्हणेल, आता काढेल. म्हणजे मग मलाही काहीतरी म्हणता आलं असतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दहाची वेळ. हे आणि भाऊजी दुकानात. मी आणि रोहिणी पुढच्या खोलीत समोरासमोर बसून मटार सोलत होतो. मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर टाकलेला असतो. हेमाचा फोन आला.

“आई, एक विचारायचं होतं.” नेहमीचा आवाज नव्हता. “आमची मुक्ता आहे ना, ती सारखी तिच्या काकूच्या मागे मागे असते. बारा वर्षांची झाली, माझ्याशी धड बोलत नाही. काल काकूकडून तिचा ड्रेस जळला इस्त्री करताना, तर मुक्ता काहीबाही बोलली तिला. आणि ऐकताना मला एकदम आपली रोहिणीकाकू आठवली गं.”

रोहिणीचा हात शेंगेवर थांबला.

“मी फार घाण बोलले होते तेव्हा. रंगच तो, कुणाच्याही हातून बिघडतो. आणि मी काय बोलले! एवढी वर्षं वाटतं, माफी मागावी. दर वेळी तिथं आले की वाटतं, आणि तोंड उघडत नाही. आज मागते. फोन दे ना काकूकडे.”

फोन आमच्या दोघींच्या मध्ये, सालांच्या ताटाजवळ होता. मला तो उचलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसले असते तरी रोहिणी बोलली असती. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, सोळा वर्षांत मी पहिल्यांदा बघितले. आणि मला काय दिसलं माहीत आहे? वरच्या खोलीतून येणारं दोघींचं हसणं. वर पुन्हा त्या बसतील, आणि मी खाली वाट्या घासेन.

“ती घरात नाही,” मी म्हटलं. “बाहेर गेलीय.”

रोहिणीनं हातातली शेंग न सोलताच ताटात ठेवली. मग तिनं मांडीवरचं ताट हळूच खाली ठेवलं, आवाज होणार नाही असं. गुडघ्यावर हात टेकून उठली. दारातल्या चपला पायात घातल्या आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

“कधी येईल?” हेमानं विचारलं.

“काही सांगून गेली नाही,” मी म्हटलं.